दीड बोट खाली

५ नोव्हेंबर
दिशाचा पुण्याहून फोन. माझी तब्येत विचारली, आजीची विचारली, मग हळूच म्हणाली, मम्मी, गाडीचं काय करायचं? मी ओळखलं. लेकीला विकायचीय. हे जाऊन दोन वर्षं झाली, गाडी कव्हरखाली उभी. बघू म्हटलं आणि फोन ठेवला.
गाडी वापरात आहे असं दिसलं पाहिजे. बस.

६ नोव्हेंबर
गाडी उभी का राहते त्याचं कारण सापडलं. आई. म्हणजे यांची आई, माझ्या सासूबाई. ऐंशीच्या पुढे, नऊवारी, उंचीने माझ्या खांद्याला. त्यांना गाडीत चढायला त्रास होतो. तसं त्या बोलल्या नाहीत, पण मला चेहरा वाचता येतो.
माझं ड्रायव्हिंग हे कारण नाही. लायसन मी यांच्या माघारी काढलं, पहिल्या झटक्यात. एकटीसाठी पेट्रोल कशाला जाळा, म्हणून कंपाउंडमध्येच मागेपुढे करते.
गाडी खाली करून मिळते. तरुण पोरं करतात. वाचून काढते.

९ नोव्हेंबर
वाचतेय. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं माझं मी वाचलेलं. इंग्रजी साइट आणि बाजूला डिक्शनरी. समजलं ते असं. आहे ती स्प्रिंग कापून घेणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट, गाडी आपटते. उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर महाग, ते शर्यतवाल्यांना. मधला मार्ग म्हणजे तयार आखूड स्प्रिंग, गाडी थोडीच खाली, आणि जोडीला नवे शॉक ॲब्सॉर्बर. परवडणारं, आरामाचं, रोजच्या गाडीला शोभेल असं. जुन्या शॉकवर नवी स्प्रिंग कधीही टाकू नका, असं एकाने बजावून लिहिलंय. पटलं.
सुतार येऊन गेला. आईंच्या पलंगाखाली ठोकळे लावून घेतले. फार खाली बसल्या की त्यांना उठवत नाही.

१३ नोव्हेंबर
हाटकेश भागात राज नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजात गेले. आंटी, बेटे की गाडी है? म्हणाला. मी म्हटलं, माझी. सासूबाईंसाठी खाली करायचीय. त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, सास को मालूम है? मी त्याला स्प्रिंगचे प्रकार सांगितले. आप तो पूरा पढ के आयी हो, म्हणाला. खूश झाला असावा.
शॉक अभी चलेंगे, बाद में डाल लेना, असंही म्हणाला. मला माहीत होतं हे चूक आहे. पण नवे शॉक घेतले तर खर्च दुप्पट. नाही घेतले. तो साइटवाला कोण कुठला, त्याने आमची गाडी कुठे पाहिलीय.
राज ड्रायव्हरची सीट पुढे ओढायला गेला आणि मी ओरडले. यांचे पाय लांब. सीट यांनी ठेवली तिथेच आहे, मी पाठीला दोन उशा लावून चालवते. राजने हात काढला, सॉरी म्हणाला. उगाच ओरडले.
दीड बोट खाली येईल म्हणाला.

१८ नोव्हेंबर
गाडी आली. तीन बोटं खाली. राजला फोन केला तर म्हणतो, माल बैठ गया होगा, म्हणजे स्प्रिंगा दबल्या असतील. हे कुठल्याच साइटवर नव्हतं. असेल, मी तिथपर्यंत वाचलं नसेल.
सोसायटीच्या गेटवर स्पीड ब्रेकरला पोट घासलं. आवाज असा की वॉचमन चहा ठेवून धावत आला. शेजारच्या रीमाबेन गॅलरीतून म्हणाल्या, शालूबेन, रेस में जाने का है क्या? मी हसले. मान वर करवली नाही.
आराम मात्र आहे, सपाट रस्त्यावर. सपाट रस्ता अजून लागलेला नाही.

२२ नोव्हेंबर
गुरुवारी राई गावात पुतण्या निहारची हळद. ठरलं. आईंना गाडीतून न्यायचं, फोटो काढायचा, दिशाला पाठवायचा. विषय संपला.
आई म्हणाल्या, रिक्षा बरी. मी म्हटलं, अहो, गाडी खास तुमच्यासाठी खाली केलीय. माज्यासाटी? म्हणाल्या, आणि मेथी निवडत राहिल्या. भारावल्या असणार.

२८ नोव्हेंबर
लिहायचं नव्हतं.
जाताना प्रत्येक खड्ड्याला आई देवाचं नाव घेत होत्या. गोल्डन नेस्टच्या सर्कलपर्यंत सगळे देव संपले, मग माझ्या सासऱ्यांचं घेतलं.
राईत मांडवासमोर थांबले. आईंना उतरता येईना. पाय रस्त्यावर, गुडघे छातीशी, बाकीच्या आई आत खोल. मी हात धरून ओढलं, हात सुटला, मीच मागच्या मागे रस्त्यावर बसले. बँजोवाले वाजवायचे थांबले. निहार अंगभर हळद घेऊन आला, आणखी तिघे आले, चौघांनी उचलून बाहेर काढलं. लुगड्याला हळद, सीटला हळद. माझी जाऊ सुलू सगळ्यांसमोर म्हणाली, काय गो वयनी, म्हातारीला डिकीत घालून आणलीस का? मांडव हसला. आईसुद्धा हसल्या.
परत येताना आई रिक्षात. मी गाडीत एकटी, रिक्षाच्या मागे मागे.
फोटो निघाले. मी काढले नाहीत. घरच्या ग्रुपवर आहेत.

१ डिसेंबर
फोटो बघून दिशा आली. आजीची सोय म्हणून केलं, असं सांगायची मी तयारी केली होती. त्याआधी आईच बोलल्या. मना कवा तरास व्हता? चढत व्हते, उतरत व्हते. तुजी आई बोलली माज्यासाटी केलीय, मी गप रायले. तिला बरा वाटत व्हता ना.
दिशा म्हणाली, मग मम्मी, केलंस कशाला?
दुसरं काही सुचलं नाही म्हणून खरं सांगितलं. तू विकशील म्हणून.
ती म्हणाली, मी विकायचं कधी बोलले? इन्शुरन्स संपत आला होता, तेवढंच विचारायचं होतं. मग म्हणाली, पप्पांची गाडी मी विकेन असं वाटलं तुला? आणि रडली. मांडवात चारशे माणसं हसली तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज वाटली. तिला जवळ घ्यावं तर तेही धड जमलं नाही, चहा करू का, असं विचारत बसले.
राजला विचारलं, जुन्या स्प्रिंगा आहेत का. भंगारात गेल्या.
संध्याकाळी इन्शुरन्सच्या एजंटचा फोन. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, सगळं नीट सांगितलं. मग तो म्हणाला, मॅडम, गाडीत काही बदल वगैरे केलेत का?
फोन दिशाच्या हातात दिला आणि कुकर लावायला आत गेले.