ओढ्यावरची जोडपी

॥ श्री ॥
कोलकाता, २८ सप्टेंबर २०२४

ती. स्व. वैजयंतीआत्यास,
नमिताचा सा. न. वि. वि.

तुझं खोकं पोचलं. एकही बाटली फुटली नाही, फक्त सुक्या जवळ्याच्या पिशवीला स्पिरिटचा वास लागला होता. जवळा मी तरीही खाल्ला.

फोनवर बोललेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही हे तुझं मत आपल्या घरापुरतं खरं आहे, म्हणून सगळं नीट लिहिते. टेकडीच्या ओढ्यातून बाबा जे पकडून देतात, ते पाण्यावर लांब पायांनी धावणारे किडे म्हणजे पाणनिवळ्या. वरून सगळ्या सारख्या. पण तिथे दोन जाती असाव्यात असा माझा संशय आहे. एक सगळीकडे सापडते ती, आणि दुसरी अजून कोणी नोंदलेलीच नाही. फरक फक्त नराच्या मागच्या टोकाला, तोही सूक्ष्मदर्शकाखाली: एकाचा आकडा सरळ, दुसऱ्याचा वाकडा. माद्या मात्र हुबेहूब. मादी कुठल्या जातीची हे कळायचं तर तिच्या पाठीवर कोण बसलंय ते बघायचं.

आमचे सर म्हणतात, नुसते वाकड्या आकड्याचे नर चालणार नाहीत, जोडी दाखव, मग नाव ठेव. या दिवसांत तर ओढ्यावर निम्म्या पाणनिवळ्या जोडीनेच दिसायला हव्यात. मग तुम्ही पाठवलेल्या एकाही बाटलीत जोडी कशी नाही? दिवाळीनंतर ओढा आटेल. बाबा तिथे नक्की काय करतात ते जरा बघशील का?

जात नवी ठरली तर तिला आजीचं नाव द्यायचंय. गोजरा. प्लॉटच्या कागदांवर आजोबा आणि त्यांचे भाऊ, इमारतीवर आजोबांचंच ‘बाळाराम सदन’, लाइटबिलावर बाबा. आजीचं नाव कशालाच लागलेलं नाही, याचं मला लहानपणापासून वाईट वाटतं. अजून काही पक्कं नाही, तेव्हा बाबांना सांगू नकोस.

आजीच्या पाया पडते. लोभ आहेच, तो पुढच्या खोक्यासोबत असाच धाड.

तुझी,
नमिता


जुईनगर, ८ ऑक्टोबर २०२४

चि. नमितास अनेक आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे तुझ्या बाबाला, कान्हाला, मी काही बोलले नाही. मी आईला सांगितलं. आईनं कान्हाला सांगितलं.

शिरवण्याच्या नाक्यावर, नवरात्राच्या शुभेच्छांच्या शेजारी, तुझा फ्लेक्स लागलाय. मजकूर तुझ्या भावाचा, दिपेशचा. ‘गावची कन्या कु. नमिता हिने गोजरा या नवीन कीटकाचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो, त्यातल्या सहाजणांना मी ओळखते. किड्याच्या जागी दिपेशनं डासाचा फोटो लावलाय. त्यामुळे औषधफवारणी कधी आहे, अशी कान्हाकडे दोन ठिकाणांहून चौकशी झाली.

आईनं मात्र मला हात धरून नाक्यावर नेलं आणि आपलं नाव कुठं लिहिलंय ते दाखवायला लावलं. दोनदा वाचून घेतलं. तिला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही गं. सगळ्यांची ती आई, नाहीतर आजी, नाहीतर काकी. तेव्हा हे जमव. आता नुसत्या फ्लेक्सचा प्रश्न राहिलेला नाही.

जोड्यांचा तपास लावला. रविवारी मी स्वतः गेले. कान्हा गाडी पार वरच्या देवळापर्यंत नेतो, तिथून आईला हाताला धरून ओढ्याशी आणतो आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतो. मग तो जाळीनं पकडतो आणि जाळी आईपुढे धरतो. एकटा किडा असेल तर आई मान हलवते आणि तो बाटलीत जातो. जोडी असेल तर आई जाळी पाण्यात उलटी करायला लावते. म्हणणं एवढंच की जोरी तोरायची नाय, पाप हाय. आम्ही तिथं असेपर्यंत तिनं निदान वीस संसार वाचवले. तुझ्या बाबानं एकदा गुपचूप एक जोडी बाटलीत सारली, तर आईनं त्याला या वयात कानाला धरलं.

तुझ्या शिक्षणाबद्दल मला आदर आहे, पण जोडी हवी असं कान्हाला आधी सांगितलं होतंस का? तो म्हणतो, किडे पाठव एवढंच म्हणाली होतीस.

अंगाला जप, दह्यावर राहू नकोस. माया आहे, ती मोजू नये.

तुझी,
आत्या


कोलकाता, १६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

नव्हतं सांगितलं. जोडीसकट पकडणं हे आमच्या कामात इतकं साधं असतं की सांगायचं सुचलंच नाही.

फ्लेक्सचा फोटो दिपेशनं मला पाठवला. माझ्या इथल्या मैत्रिणीला, सहरला, दाखवला. ती डासांवरच काम करते. तिनं तो मादी डास असल्याचं लगेच सांगितलं आणि छान आहे म्हणाली.

आत्या, मला खरंच भीती वाटतेय. ओढा आटला तर पुढच्या पावसापर्यंत थांबावं लागेल, आणि टेकडीच्या पायथ्याशी ओढ्याचा सिमेंटचा नाला करायचं काम मंजूर झालंय असं बाबाच म्हणाले. पुढच्या वर्षी हे किडे तिथे असतील की नाही, कोणी सांगावं? आजीला समजाव. जोडी सापडली नाही तर तिचं नाव कशालाच लागणार नाही. हे तिला सांगणं दुष्टपणाचं वाटतं, पण खरं तेच आहे. मी सांगितलं तर ती फोन बाबांकडे देते.

उत्तराकडे डोळे लावून बसलेय. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
नमिता


जुईनगर, २५ ऑक्टोबर २०२४

चि. नमितास अनेक आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात वेगळ्या कापसात गुंडाळलेली बाटली आधी उघड.

आईला मी सगळं सांगितलं. जोडी मारली तरच नाव लागेल, असं स्पष्टच.  दोन दिवस ती जेवली, मालिका बघितली, कान्हाशी भांडली, पण या विषयावर अक्षर नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, बाटलीत दोघं एकदमच जातात का? मी म्हटलं, एकदमच. एक आधी आणि एक मागून असं तर नाय? मी म्हटलं, नाही.

आई तिशीत होती तेव्हा आमचे बाबा मिठागरावरून घरी आले आणि ओट्यावरच वारले. पदरात आम्ही तिघं. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. परवा एवढंच म्हणाली की दोघं एकदम जात असतील तर हरकत नाय, मागं कोन रायला नको.  कान्हा उगाचच गाडीच्या काचा पुसत बसला.

पाणी आता घोट्याएवढंच उरलंय. आईनं स्वतः खुर्चीतून बोट करून एक जोडी निवडली, बाटलीत जाताना डोळे मिटले आणि झाकण आपल्या हातानं लावलं. मग पाण्याला हात जोडले. दुसरी जोडी घेऊ दिली नाही. एकीवरच भागव.

कष्टाचं फळ मिळो. तुझ्या पत्राची वाट इथं तिघंजण बघतायत.

तुझी,
आत्या


कोलकाता, २० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

आकडा वाकडा आहे!

आणि मादीही सापडली. माद्या हुबेहूब म्हटलं होतं, पण हिच्या पोटाखाली बारीक केसांचा एक पट्टा आहे. तो बघितल्यावर आधीच्या बाटल्यांतून तशाच आणखी माद्या निघाल्या. म्हणजे आजीनं एकट्या म्हणून मान हलवलेल्यांपैकी. सरांनी दोनदा तपासून मान्य केलं. जात नवीनच आहे. लेख छापून यायला वेळ लागेल, पण नाव तेच राहणार.

आता एक अडचण. जातीचं नाव एकाच नमुन्यावर ठेवायचं असतं, आणि तो कायम संग्रहालयात राहतो. ओळख नराच्या आकड्यावरून पटते, म्हणून तो नमुना नरच हवा, असं सरांचं म्हणणं. मी खूप वाद घातला, पण शास्त्राच्या बाजूनं ते बरोबर आहेत. म्हणजे गोजरा हे नाव कायमचं एका नराला चिकटणार, आणि मादीचा उल्लेख त्याच्या खाली. आजीला हे कसं सांगू? मला लाज वाटतेय. एवढं मात्र केलंय: नर आणि मादी वेगवेगळ्या कुप्यांत ठेवावे लागले, पण त्या दोन्ही कुप्या एकाच बरणीत आहेत.

तूच सांग तिला. आणि ती रागावली तर माझ्या वाटचं ऐकून घे, एवढा लोभ असावा.

तुझी,
नमिता


जुईनगर, २९ नोव्हेंबर २०२४

चि. नमितास अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. नराचा भाग मी जरा दबकतच वाचला.

 तिनं पुन्हा वाचायला लावलं, फक्त तेवढाच भाग. आणि मग इतकी हसली की कान्हा आतून पाणी घेऊन धावत आला. तुला कळवायला सांगितलंय की अजिबात लाजू नको. ती जलमभर बालारामची बायको म्हनून वलखली गेली. आता एखादा बाप्या गोजराच्या नावानं वलखला गेला तर काय बिघरत नाय.

अभ्यासात लक्ष दे, माया आहे तशीच आहे.

तुझी,
आत्या