चाफ्याची ओट्याकडची बाजू

परळी वैजनाथ, ४ ऑक्टोबर २०२४

चि. मुंजाजीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

ओट्याजवळच्या चाफ्याच्या खोडावर हिरवी बुरशी चढलीय. शेजारचे सुंदरराव म्हणतात, झाड सडलं, पुढच्या रविवारी तोडून टाकू. तुझ्या दाजींना विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं. लकवा मारल्यापासून बोलणं बंद, उजवा हात गेल्यातच जमा. डॉक्टरनं दाबायला दिलेला रबरी चेंडूबी भिरकावला. झाड त्यांनीच लावलेलं, म्हणून तोडायला मन धजत न्हाई. तू रोपवाटिकावाला, काय ते लवकर कळव.

तुझी,
सत्यशीला

गेवराई, ८ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. नमस्कार.

फोनवर तू निम्मंच ऐकतेस, म्हणून लिहून पाठवतोय. रविवारचं रद्द कर. ती बुरशी नव्हे, शेवाळ. ते झाडाला खात नाही, सालीवर नुसतं बसतं. सुंदररावांना सांग, कुठल्या कॉलेजात न जाता बावीस वर्षं मी हेच बघतोय. चाकूनं खरवडू नको, चुना फासू नको. खालच्या दोन फांद्या काढ, ऊन-वारा लागू दे; मग मऊ ब्रश आणि साधं पाणी. पण ओल कुठून येते ते आधी शोध, नाहीतर महिन्यात पुन्हा येईल. थर कुठल्या बाजूला, जमिनीपासून किती विती, मोजून कळव. अंदाजे नको.

दाजींना नमस्कार.
मुंजाजी

परळी, १३ ऑक्टोबर

चि. मुंजाजीस आशीर्वाद.

मोजलं बाबा, तुझ्या धाकानं दोनदा. फक्त ओट्याकडच्या बाजूला, चार विती. पाऊस उघडलाय, नळ लांब हाय, पाणी मी घालत न्हाई. मग काल मंदिराला निघाले नि दाराआडच थांबले. तुझे दाजी खुर्चीत बसून, तू दिलेल्या फवाऱ्याच्या बाटलीनं चाफ्यावर पाणी मारत होते. उजव्या हातानं. दहादा दाबायचे, बोटं चोळायचे, परत दाबायचे. मी पाहिलं हे त्यांना कळू दिलं न्हाई.

आता ही ओल बंद कशी करायची, तेवढं सांग.
अक्का

गेवराई, १७ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. नमस्कार.

बंद करू नको. मागच्या पत्रातलं ब्रशचं खोडून टाक. माझं चुकलं असं नाही, पण खोड. फांद्या तेवढ्या काढ. चाफा मरणार नाही, जिम्मा माझा. बाटली रोज भरून ठेव, कुणी भरली ते कळू देऊ नको. आणि थर कुठवर चढतो ते मोजत राहा.

माया आहेच, मापात हयगय नको.
मुंजाजी

परळी, २ फेब्रुवारी २०२५

चि. मुंजाजीस आशीर्वाद.

साडेपाच विती. पाकिटावरचा पत्ता वाकडातिकडा आलाय, पोस्टमनला लागायला वेळ गेला असंल. ते अक्षर माझं न्हाई.

अक्का