उजव्या दिव्याचा बल्ब

प्रिय भिंगरी,

तुझ्या माहेरच्या माणसांपुढे मी हात टेकलेत, ही पहिली बातमी. दुसरी बातमी अशी की गाडीचा उजवा हेडलाइट आता लागतो. या दोन बातम्यांच्या मध्ये माझा अख्खा रविवार गेला, आणि त्या रविवारबद्दल मी तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलणार? तुझ्या दादाशी बोलून उपयोग नाही, तो स्वतःच त्या भांडणात एक पक्ष आहे.

झालं असं, की बुधवारी वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, तुमची गाडी हल्ली एक डोळा मिटून येते. तुझा दादा म्हणाला, रविवारी गॅरेजमध्ये दाखवून आणतो. झालं. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात शिडीवर चढून अर्ध्या शहराचे दिवे बदललेला माणूस घरात बसलेला असताना त्याचा मुलगा बल्ब बदलायला गॅरेजात जाणार! ते म्हणाले, "मग उद्या खोलीतली ट्यूब गेली की अॅम्ब्युलन्स बोलाव." आता दादानं इथं गप्प बसायला काय हरकत होती? पण नाही. रस्त्यावरचा दिवा वेगळा आणि गाडीचा वेगळा, हे त्याला त्याच क्षणी बाबांना समजावून सांगायचं होतं. तुला दोघंही माहीत आहेत, पुढचं मी लिहीत नाही.

तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. दादा मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. त्यातली गाडी आपली नव्हती, भाषाही आपली नव्हती, पण तो मान डोलवत होता. बाबा गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचत होते. त्यात या कामाला चार ओळी दिल्यात: टोपण काढा, क्लिप सोडवा, बल्ब बदला, उलट क्रमाने सर्व बसवा. हे लिहिणाऱ्याला मला एकदा आमच्या पार्किंगमध्ये आणून उभं करायचं आहे. उजव्या दिव्याच्या मागे बॅटरी अशी खेटून बसवली आहे की मधल्या फटीत एकच हात जातो, आणि हात गेला की काही दिसत नाही. सगळं चाचपून करायचं.

रविवारी सकाळी दादा पहिला बल्ब घेऊन आला तो भलत्याच नंबरचा. मागे तीन पाती हवी होती, त्याच्या बल्बला दोन. परत गेला. दुसरा बल्ब बरोबर आणला, तो बाबांच्या हातून निसटला आणि फरशीवर फुटला. तिसऱ्यांदा दादा दुकानात शिरला तेव्हा दुकानदारानं काही न विचारता दोन बल्ब काउंटरवर ठेवले म्हणे. तोवर बाबांनी माझ्याकडून जुनं धोतर, मग स्टूल, मग माझ्या कपाटातला हातआरसा, मग टॉर्च मागवून घेतला होता. एक वस्तू द्यावी आणि वर येऊन कणीक मळायला घ्यावी, की खालून हाक. तीन जिने, भिंगरी. पाचव्या हाकेला मी कणकेच्या हातानंच गेले आणि म्हटलं, "बाबा, काय काय लागणार ते एकदाच सांगा ना." तर म्हणाले, "मला काही नको, तू वर जा." मला इतका राग आला. मला वाटलं, म्हातारपणी माणूस हेकट होतो तो असा.

मग क्लिप पडली. तारेची एवढीशी क्लिप, बल्बला मागून दाबून धरते ती. ती सुटून बॅटरीखाली गेली आणि दादा फरशीवर आडवा होऊन ती शोधत असताना बाबा त्याला म्हणाले, की तू मागे उभा राहून सुस्कारे सोडतोस म्हणून माझं लक्ष जातं. दादानं क्लिप काढून त्यांच्या हातात दिली, कपडे झटकले आणि वर येऊन दार लावून झोपला. अकरा वाजता. मी दोघांच्याही नावानं बोटं मोडत चहा केला.

चहा घेऊन उतरत होते. शेवटच्या वळणावर जिन्याला खिडकी आहे, तिथून खालची गाडी दिसते. बाबा मला बाजूनं दिसत होते. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि उजव्या हातातला बल्ब दिव्यामागच्या फटीशी नेत होते. बल्ब फटीत जात नव्हता. कडेवर आपटत होता, टिकटिक, टिकटिक, आणि थांबत नव्हता. त्यांनी हात मागे घेतला, थोडा वेळ पोटाशी धरून ठेवला, पुन्हा नेला. पुन्हा तेच. मी तिथंच उभी राहिले. चहावर साय धरली तरी उभी होते.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागच्या जागी बसायला लागली. अर्धाच कप दे, असं ते कधीपासून म्हणतात. बटणांचे शर्ट त्यांना अचानक उकडायला लागले आणि त्यांनी बिनगुंड्यांचे सदरे घेतले. वर्तमानपत्र ते हातात धरत नाहीत, टेबलावर पसरून वाचतात. गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं तेव्हा आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगितलं, की बघा, किती समजूतदार. एका घरात राहते मी, दोन वेळा ताट वाढते, आणि मला दिसलं नाही. राग आला होता तो तसाच होता, फक्त कुणावर काढायचा ते कळेना.

मी मुद्दाम चपला वाजवत उतरले. कप बॅटरीवर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, माझा हात बारीक आहे. मी घालते, तुम्ही सांगा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी बल्ब माझ्या हातात दिला. "काचेला बोट लावू नकोस. बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तिथंच जळतो. मागच्या पत्र्याला धर." आवाज अगदी स्वच्छ, ठाम. बहुतेक नव्या पोरांना ते शिडीखालून असंच सांगत असतील. "आत गेला की फिरव हळू. तीन खाचा आहेत, एकाच बाजूनं बसतो. जबरदस्ती करायची नाही. बसला की तुला कळेल." आणि खरंच कळलं, भिंगरी. काही दिसत नव्हतं, पण बोटांना कळलं. क्लिप मात्र तीनदा सटकली. माझं कोपर खरचटलं, नखं काळी झाली, आणि शेवटी ती बसली. रबराचं टोपण चढवलं, प्लग खोचला. बाबांनी मला गाडीत बसवून दिवे लावायला सांगितलं आणि स्वतः समोरच्या भिंतीपाशी जाऊन दोन्ही झोत एका उंचीवर पडतायत का ते बघत राहिले. बराच वेळ बघत होते.

मी गाडीतून उतरले तेव्हा म्हणाले, "खिडकीतून बघत होतीस." मी हो म्हटलं. म्हणाले, "वर्ष होत आलं. आधी नुसता अंगठा होता." डॉक्टरांना दाखवलं का, तर नाही. का नाही, तर ते काहीतरी नाव सांगतील. दिवाबत्ती खात्यातला माणूस, पस्तीस फुटांवर उभा राहून तारा जोडणारा, आणि एका नावाला घाबरून वर्षभर हात खिशात घालून घरात हिंडतोय! मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण सासऱ्यांशी सून बोलते तसं ते नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर वर आल्यावर त्यांनी स्वतःच कपाटातून लिहायचं पॅड काढून माझ्यापुढे ठेवलं. चौदा कागद होते. प्रत्येकावर 'प्रिय भिंगरी', आणि खाली दोन ओळी, कुठं तीन. ते त्यांचं नेहमीचं टपोरं अक्षर नाही गं. पहिल्या कागदावर थोडं वाकडं, आणि शेवटच्यावर तुझं नावसुद्धा मला लागलं नाही. पोस्टात टाकायची लाज वाटली म्हणे. फोनवर सांगायचं होतं, तर म्हणाले, फोनवर ती लगेच विचारते पत्र का नाही, म्हणून मी फोन दादाकडे देतो.

तू बदली मागून घेऊन इतक्या लांब गेलीस आणि दोन महिन्यांत बाबांची पत्रं थांबली, तेव्हा ते रागावलेत असा जो अर्थ तू काढलास तोच मीही काढला होता, म्हणून तुला एकटीला बोल लावत नाही. पण 'त्यांचं उत्तर येईपर्यंत मी घरी पाऊल टाकणार नाही' हे तू दादाला कळवलंस, ते बाबांनी वाचलंय, आणि तरीही त्यांनी तोंड उघडलं नाही. एक इकडे अडून बसलेला, एक तिकडे, आणि मध्ये मी. चार दिवस मी त्यांच्या मागे लागले होते, की तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. आज सकाळी ते पेन घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "लिही तिला. पण हाताचं लिहू नकोस. कामात आहे म्हणून लिही." कसल्या कामात, ते त्यांनाही सुचलं नाही. मी मान डोलावली आणि हे सगळं लिहिलं. येता सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी साडेदहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दादा बरोबर असला तर ते वाटेतच भांडून परत येतील. मी नेलं तर डॉक्टरांना अंगठ्याचं तेवढं सांगतील आणि बाकीचं गिळतील. तू विचारलंस तर खोटं बोलणार नाहीत. रजा टाक आणि आदल्या सोमवारपर्यंत ये. तुला कळलंय असं पहिल्या दिवशी तरी दाखवू नकोस. आणि त्यांनी मला मुद्दाम लिहायला सांगितलेलं एक वाक्य आहे, ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण ओट्याला टेकून त्यांनी ते मला दोनदा सांगितलं: "तिला लिही, तिच्या वयात मला बदली मिळाली असती तर मीपण गेलो असतो."

तुझीच,
काळ्या नखांची वहिनी