ब्रीदरमध्ये काथ्या

सुर्ला, मंगळवार, संध्याकाळ

मालकाने आज विठूला टिपर ट्रकच्या ड्रायव्हरच्या नोकरीवरून काढले. इंजिनचे सील फुटून सगळे तेल वाहून गेले, म्हणून. गॅरेजच्या मेस्त्रीने ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून काथ्याचा बोळा ओढून काढला. "ह्यां सुपरचार्जरचां इंजिन, विठू. पोटातलो दाब खंयसून भायर जातलो? तुझ्या नाकात असोच बोळो घालू?" सगळे हसले. विठू नुसता माझ्याकडे बघत राहिला.

आमोण्याच्या सभेत भाषण ठोकताना मीच गरजलो होतो, टिपरवाल्यांनो, रस्त्यावर तेलाचा थेंब सांडता कामा नये. इंजिनातले मला काय कळते? नळीतून तेल ठिबकायचे, विठूने माझे ऐकून तिच्यात काथ्या कोंबला. आणि मी मेस्त्रीसमोर गप्प. सभेत तोंड बंद होत नाही, आजच कसे झाले?

उद्या मालकाकडे जायचे. आधी माझी चूक सांगायची, मगच विठूची नोकरी मागायची.