संजूविना दिलेला अग्नी

बडोदे, मंगळवार, संध्याकाळ

आज बाबांना अग्नी मी दिला. धाकटा भाऊ संजू कॅनडात विमानतळाजवळच्या हॉटेलात अडकलाय. एप्रिल संपत आला तरी तिकडे बर्फाचं वादळ, विमानं बंद. इथे ऊन भाजून काढतंय. "मुलाची वाट बघू," काका म्हणत होते. संजूनं फोनवर खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. "ताई, थांबू नका. तूच दे अग्नी." मग काकांनीच मडकं माझ्या खांद्यावर ठेवलं. तो बर्फ डोळ्यांसमोरून का जात नाही? घरी येऊन आम्ही अंघोळी केल्या. संजूचा फोन आला, "मीपण केली, इथे एकट्यानं." आई सकाळपासून पहिल्यांदाच बोलली, "गरम पाण्यानं केलीस ना रे?"