रविवारी चार वाजता पत्ते

८ जून

चि. वन्संबाईंना,
अ. उ. आ.

वयाने धाकटी म्हणून आशीर्वाद, नणंद म्हणून 'बाई'. फुगू नकोस.

सुखरूप पोचले. ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकदुरुस्तीची खोली आहे, तिथे मला टेबल मिळालंय. तुझा दादा गेला, आपलं पुस्तकबांधणीचं दुकान मिटलं, तेव्हा वाटलं होतं की खळीचा वास आता पुन्हा नाकाला लागायचा नाही. लागला. माझ्या टेबलाच्या वरची खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे, तिच्यातून फक्त लोकांचे पाय दिसतात. तेव्हा या शहराशी माझी ओळख सध्या घोट्यापर्यंतच.

भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर आहे. कॉट, खुर्ची, शेगडी, एक पडदा. कामाचे दिवस निघून जातात, रविवार मात्र संपता संपत नाही. परवाच्या रविवारी पडदा धुतला. वाळल्यावर पुन्हा धुतला.

तू पुढची खोली माझ्यासाठी रिकामी ठेवली आहेस, ते मनात आहे. नोकरी कायम करायची की परत यायचं, हे ग्रंथपालबाईंना सप्टेंबरअखेर सांगायचंय. तोवर पत्र ग्रंथालयाच्याच पत्त्यावर पाठव. खोलीचं काय, आज आहे उद्या नाही.

लोभ असू दे, उतू गेला तरी चालेल.
तुझी वहिनी


१९ जून

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

त्या पडद्याने तुझं काय घोडं मारलंय? धुतलेला पडदा धुणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

आमचे हे रोज विचारतात, वहिनी परत कधी येतेय म्हणून. हुरळून जाऊ नकोस, तुझं काय ते ठरलं की त्यांना पुढच्या खोलीत सायकल ठेवायची आहे. मी बजावलंय, वहिनीचं उत्तर येईपर्यंत सायकल अंगणात भिजेल.

तू दुकानात पुस्तकं शिवता शिवता वाचायला शिकलीस, पण ती सवय नडते तुला. मान खाली घालून बसायचं. जिन्यात कुणी भेटलं तर वर बघ, दोन शब्द बोल. माणसं चावत नाहीत.

लोभ आहेच, रागावलीस तर दुप्पट असावा.
तुझी नणंद


११ ऑगस्ट

चि. वन्संबाईंना,
अ. उ. आ.

वर बघितलं आणि फजिती झाली.

जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'नव्याने राहायला आलेल्यांनी रविवारी चार वाजता गच्चीवर यावे. पत्ते.' मला वाटलं, नव्या भाडेकरूंचे पत्ते लिहून घेत असतील. चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहून वर गेले. सतरंजीवर तिघं बसली होती. एक निवृत्त बसचालक, एक पावाच्या दुकानातली भट्टीवाली आणि माझ्यासारखीच एकटी राहणारी एक तरुण नर्स. चौथा भिडू बदली होऊन गेल्यामुळे डाव अडला होता. मी चिठ्ठी पुढे केली. चालकाने ती उलटसुलट बघितली, मग हातातला जोड फडफडवून म्हणाला, बाई, हे पत्ते! भट्टीवाली हसता हसता आडवी झाली.

पुढे त्याने विचारलं, हा पत्ता तर दुसऱ्याच गावचा दिसतोय. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी तुझ्या घराचा पत्ता लिहिला होता. नर्स म्हणाली, आधी बसा तरी, राहता कुठे ते मागाहून ठरवू.

तुझा दादा गेल्यापासून मी पत्त्यांना शिवले नव्हते. हात मात्र काही विसरला नव्हता. चालक माझा भिडू. तिसऱ्या डावात त्याने कान खाजवला. आता तुला सांगायला हरकत नाही, तुझ्या दादाने कान खाजवला की हुकमाचा एक्का त्याच्याकडे, ही आमची खूण होती. मी बेधडक हुकमाची उतारी केली. एक्का निघाला नर्सकडे! चालकाला नुसता डास चावला होता. भरलेली बस दरीत घातलीत की हो, म्हणून तो ओरडला. मी हसले, आणि हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. भट्टीवाली पत्ते पिसत होती, ती जरा जास्तच वेळ पिसत बसली.

पुन्हा जाईन असं वाटत नाही. तिथे हे फार आठवतात.

लोभ धर, मला सध्या लागतो.
तुझी वहिनी


२२ ऑगस्ट

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

कानाची खूण म्हणे गुपित! अगं, लहानपणी ती दादाला मीच शिकवली. त्याचा हात कानाकडे गेला की मी ह्यांना पायाने ढोसायची. तरी तुम्हीच जिंकायचात, कारण आमच्या ह्यांना स्वतःच्या हातातली पानंसुद्धा आठवत नाहीत.

खरं सांगू? मला तू इथे हवी आहेस. तुझी खोली रोज झाडते. पण दादा गच्चीवर आठवतो म्हणून जायचं नाही, हे काही मला पटत नाही. खोलीत काय कमी आठवतो? मग त्याला पडदा धुवायला कशाला बसवतेस? वर ने. त्याला डाव बघायला तरी मिळेल.

उलट बोलले असेन तर लोभात धुऊन टाक.
तुझी नणंद


२७ सप्टेंबर

चि. वन्संबाईंना,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं. तेव्हापासून रविवारी वर जात होते. हे आठवतात, पण आता डावात आठवतात. माझं पान चुकलं की हे काय म्हणाले असते ते ऐकू येतं.

गेल्या रविवारी मात्र कणकण होती म्हणून पडून राहिले. कडी वाजली. दारात तिघंही, चालकाच्या काखेत सतरंजी. तो म्हणाला, तिघांत डाव होत नाही, तुम्हाला वर येववत नाही तर गच्ची खाली आणली. नर्सने आधी कपाळाला हात लावून बघितलं, मगच पत्ते वाटू दिले. भट्टीवालीने गरम पाव आणला होता. चालकाने नवा नियम केला आहे, ज्याला कान खाजवायचा असेल त्याने आधी परवानगी घ्यावी.

काल ग्रंथपालबाईंना हो सांगितलं. सायकल आत घे. फक्त कॉट काढू नकोस, सुट्टीत येईन तेव्हा सायकलशेजारी झोपेन. तू रडशील हे मला माहीत आहे. रडून झालं की इकडे यायची तारीख कळव. पाचव्या माणसाला आम्ही चहा करायला लावतो.

लोभ तिकडचा तिकडेच राहू दे, मी त्यावरच इथे उभी आहे.
तुझी वहिनी

ता. क. यापुढे पत्र ग्रंथालयात नको. पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. या वेळी माझाच आहे.