तीन फेऱ्यांचा सूड

११ जानेवारी २००४, रविवार

आजपासून पुन्हा डायरी. कारण : सूड.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इंग्रजीत डायरी लिहायला लावायच्या. पण चिडायला मराठीच बरी.

आज देवरामच्या मुलीचा, अक्षदाचा साखरपुडा होता. देवराम म्हणजे माझा धाकटा दीर. इथेच शेणव्यात, त्याचं घर वरच्या आळीत, माझं खालच्या. पंगत बसली होती. मी पानात भात घेत होते. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "वहिनी, त्या फियाटचं आता बघा काहीतरी. नायतर मला द्या. कोंबड्या तरी ठेवीन आत."

शंभर माणसं हसली. वाढपी हसले. भटजीही हसले, ज्यांना सकाळी शहापूरहून त्याच फियाटमधून मी आणलं होतं.

ती गाडी ह्यांची. हे ढोरांचे डॉक्टर. बावीस वर्षं या गाडीतून वाडीवाडीवर गेले. मागच्या सीटवर वासराचं डोकं मांडीवर घेऊन मी स्वतः बसलेली आहे. हे गेल्यावर गाडी मी शिकले, पंचावन्नाव्या वर्षी. तीत कोंबड्या?

अक्षदाचा होणारा नवरा आदेश कल्याणच्या कुठल्याशा हौशी मोटार मंडळात आहे. तो पत्रकं वाटत होता : १५ फेब्रुवारी, मुरबाडच्या पुढे, बंद कारखान्याच्या आवारात ट्रॅक डे. आपली रोजची गाडी आणा, एकट्यानं तीन फेऱ्या मारा, वेळ मोजून मिळेल. देवरामनं आपल्या नव्या डिझेल गाडीचं नाव लगेच घातलं. मी जिलबी खाली ठेवली आणि म्हटलं, माझंही घाला. आणि तुमच्यापेक्षा एक सेकंद जरी जास्त लागला तरी फियाटची किल्ली तुमच्या हातात.

देवराम म्हणाला, पंगतीत बोललात वहिनी, सगळ्यांनी ऐकलंय.

ऐकू दे.

१२ जानेवारी, सकाळ

निश्चय :
१. रोज सराव.
२. गाडीचं वजन कमी करायचं.
३. डायरीत देवरामला भावजी लिहायचं नाही.
४. देवरामनं रस्त्यात हात केला तरी गाडी थांबवायची नाही. जन्मात नाही.

पत्रक नीट वाचलं. 'ही शर्यत नाही, आपल्या गाडीची ओळख करून घेण्याचा दिवस आहे,' असं खाली लिहिलंय. ते इतरांसाठी असावं.

१४ जानेवारी

शहापूरला सुदामच्या गॅरेजमध्ये गेले. सुदाम मिस्त्री ह्यांच्या वेळेपासूनचा. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून राहिला. भारावून गेला असावा.

मग म्हणाला, ब्रेक आधी बघू. मी म्हटलं, मला वेग हवाय, थांबायचं काय घेऊन बसलास. तो म्हणाला, बाई, तुमी सगळ्यात जास्त वेळा थांबता, या रस्त्यावर तुमच्याइतके ब्रेक एसटीचेपण झिजत नाय.

हे कौतुक होतं की टोमणा, हे ठरवलं नाही. ब्रेक मात्र करायला दिले.

१९ जानेवारी

मागची सीट काढली. सुदामनं नको नको म्हटलं. पण वजन म्हणजे वजन. सीट त्याच्याच गॅरेजात ठेवली. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, ॲशट्रे, सगळं काढलं.

सीटखाली सापडलं : ह्यांचा दोन दाते तुटलेला कंगवा. गुरांचा थर्मामीटर. पेपरमिंटचे कागद, सगळे घड्या घालून ठेवलेले. हे कागद कधी बाहेर टाकत नसत, गुरं खातात म्हणून. आणि माझं एक कानातलं. ते रंभेनं उचललं, असं मी १९८४ साली म्हटलं होतं. रंभा म्हणजे माझी जाऊ, देवरामची बायको. तेव्हापासून आमचं बोलणं मोजकंच आहे.

कंगवा धुऊन पुन्हा डॅशबोर्डच्या खणात ठेवला. कंगव्याला काही वजन नसतं.

रंभेची माफी मागायला हवी. सूड झाल्यावर.

२४ जानेवारी

पहिला सराव. शेणवा ते शहापूर, वेळ ह्यांच्या घड्याळावर. बावन्न मिनिटं.

पैकी ठकी : अकरा. ठकी वरच्या वाडीवरची, बाजाराला निघालेली, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. तिनं हात केला. आता हात केल्यावर काय करणार? ह्यांचा नियम होता, या रस्त्यावर कुणी हात केला की गाडी उभी राहिलीच पाहिजे. कुणाची म्हैस अडली असेल, काय सांगावं. बावीस वर्षांत ते एकदाही कुणाला ओलांडून गेले नाहीत. मला गाडी शिकवायला ते नव्हते, पण हे एवढं मी बाजूला बसूनच शिकले.

मागे सीट नाही हे पाहून ठकीनं विचारलं, बाय, विकलीस का? मी म्हटलं, वेगासाठी काढली. ती गोणपाट अंथरून आरामात बसली. म्हणाली, बरं झालं, पाय पसरता येतात.

म्हशी रस्त्यात : सहा. शाळेतल्या मुली : पाच. सुदामकडे चहा : वीस. हे सगळं वजा केलं तर उरतात दहा मिनिटं. शेणवा ते शहापूर दहा मिनिटांत! देवरामला घाम फुटेल.

वजन कमी : सीट, अंदाजे पंधरा किलो. वजन वाढ : वाल, अंदाजे वीस.

३० जानेवारी

हेल्मेट लागतं. देवरामच्या घरात एक आहे, पण शत्रूकडून हत्यार घ्यायचं नाही. सुदामनं त्याचं दिलं. अंबाड्यावर बसत नाही. शेवटी शाळेसारखी वेणी घातली. आरशात पाहिलं. क्षणभर अकरा वर्षांची झाले.

१९५७ साली कॉन्व्हेंटच्या स्पोर्ट्स डेला लिंबू-चमच्यात मी दुसरी आले होते. पहिली आलेलीनं लिंबू अंगठ्यानं धरलं होतं. मी पाहिलंय. सिस्टर म्हणाल्या, अंजू, विसरून जा. सत्तेचाळीस वर्षं प्रयत्न करते आहे.

७ फेब्रुवारी

जिंकल्यावर म्हणायचं वाक्य ठरवलं. तयार झाल्यावर गोठ्यात म्हशीसमोर म्हणून पाहिलं.

मसुदा पहिला : "देवराम, आता कोंबड्या कुठे ठेवणार?" उद्धट वाटतं.
मसुदा दुसरा : "भावजी, कोंबड्यांसाठी तुमची डिझेल गाडी कशी आहे?" हे छान. निश्चय ३ मोडतो, पण बोलण्यात चालतं. निश्चय फक्त डायरीपुरता आहे.

अक्षदाच्या लग्नाच्या पंगतीत म्हणायचं. वाढपी जवळ असताना.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

सर्व तयारी पूर्ण. ब्रेक नवे. टायरमध्ये हवा. भंगारातल्या जीपचा पट्टा सीटला लावला. गाडीत सुटं सामान ठेवायचं नाही असा नियम आहे, म्हणून फक्त डबा, थर्मास, लोणच्याची बरणी आणि ह्यांची औषधांची बॅग.

ठकीला मुरबाडला बहिणीकडे जायचंय. उद्या माझ्याबरोबर येईल. तिला सांगितलं, बहिणीकडचं आटपून ये, प्रेक्षकांच्या दोरीपाशी उभी राहा, माझं काम झालं की परत घेऊन येईन. प्रेक्षक हवेतच.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १२.३०

ट्रॅकवर. घाईत लिहितेय. मोकळं आवार, चुन्यानं आखलेला रस्ता, वळणांवर लाल शंकू. शंकू पाडला की दहा सेकंद दंड.

रंभेनं दोन्ही गाड्यांना हळद-कुंकू लावलं, दोन्हींच्या चाकांखाली लिंबं ठेवली. तिनं माझ्याकडे पाहून किंचित हसल्यासारखं केलं. मी कानातल्याचं बोलले नाही. आज मन कठोर हवं.

देवरामची फेरी झाली. फार जोरात गेला. सात शंकू पाडले! सत्तर सेकंदांचा दंड. एकूण वेळ पाच मिनिटं चाळीस. गाडीतून जळकट वास येत होता. आदेश कानाशी येऊन म्हणाला, काकू, शंकू न पाडता नुसत्या नीट चालवल्यात तरी तुमचं काम होतंय.

माझी पाळी. सिस्टर सांगायच्या, लेडीनं धावू नये, पण धावलीच तर मागे पाहू नये.

दुपारी ३

झालं ते जसंच्या तसं लिहिते. इतिहासात चूक नको.

पहिली फेरी. एकही शंकू नाही. दुसरी फेरी. हेल्मेट डाव्या डोळ्यावर आलं, तरी एकही शंकू नाही. गियर तोंडात साखर विरघळावी तसे पडत होते. सुदाम कडेला उभा राहून वाचलेले सेकंद बोटांनी दाखवत होता. मी पुढे होते. खरोखर पुढे होते. तिसऱ्या फेरीचं शेवटचं वळण घेतलं, हेल्मेट वर सारलं. समोर सरळ रस्ता, टोकाला चौकड्यांचं निशाण. अजून शंभर पावलं.

डाव्या बाजूला दोरीपाशी ठकी उभी. तिनं हात केला.

गाडी थांबली. मी थांबवली असं म्हणता येणार नाही. पाय ब्रेकवर होता आणि माझा हात आतून दार उघडत होता. नवे ब्रेक फारच चांगले निघाले.

ठकी पाटीसकट दोरीखालून आली आणि पुढे बसली. म्हणाली, "दोनदा गेलीस समोरनं, पाह्यलंपण नायस. मना वाटलं, रुसली बाय."

मग तिनं पदर आवरला. बहिणीकडच्या कोंबड्या पाटीत होत्या, त्यांचे पाय पुन्हा बांधले. दार नीट लागलं नाही, ते पुन्हा लावलं. आदेश निशाण हलवत ओरडत होता. मी गियर टाकला.

माझा वेळ : पाच मिनिटं एक्केचाळीस.

हे नमूद करायला हवं की ट्रॅकवर वेळ मोजताना प्रवासी घेतल्याची सूट कुठेही दिलेली नाही. पत्रकातली ही गंभीर त्रुटी आहे. मंडळाला पत्र लिहिणार.

किल्ली देवरामपुढे धरली. तो म्हणाला, आता राहू दे वहिनी, उद्या सकाळी घरी येऊन नेतो. हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६

झोप नाही. गाडी धुतली. खणातला कंगवा काढून पदराला बांधला. तो देणार नाही. शब्द फक्त किल्लीचा होता.

सकाळी ११, शहापूर

देवराम आठला यायचा होता. साडेआठ झाले. ठकीला कोंबड्या घेऊन बाजारात यायचं होतं. म्हटलं, चल, शेवटची फेरी. ती पुढे बसली, पाटी मागे.

फाट्यावर एक माणूस उभा. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. जवळ आल्यावर कळलं, देवराम. काल ट्रॅकवर गाडी अर्ध्या क्लचवर पळवून त्यानं क्लच प्लेट जाळली होती. प्लेट रात्रीच खोलून काढलेली, गाडी अंगणात पडून. एसटी चुकलेली. त्यानं हात केला.

निश्चय क्रमांक ४ मला आठवत होता. अक्षरसुद्धा डोळ्यांसमोर होतं.

गाडी थांबली.

पुढे ठकी. ती उठेना, आणि मी उठ म्हटलं नाही. देवराम मागे वाकून शिरला, गोणपाटावर बसला, गुडघे हनुवटीशी, क्लच प्लेट मांडीवर, दोन्ही बाजूंना कोंबड्या. एकीनं त्याच्या चपलेवर घाण केली. ठकी मागे वळून म्हणाली, "देवराम, पाय पसर ना. बाय म्हनते, वेगासाठी केलंय."

ठरवलेलं वाक्य म्हणायची वेळ हीच होती. आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कानामागचे केस अगदी ह्यांच्यासारखे पांढरे झालेत. वाक्य आठवेना.

सुदामच्या गॅरेजापाशी तो उतरला, सुदामला प्लेट दाखवून आला. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, पुढे धरली. शब्द म्हणजे शब्द.

त्यानं किल्लीकडे पाहिलं. मग सदऱ्यावरची पिसं झटकली. म्हणाला, "वहिनी, किल्ली मी घेतली तर मला घरी कोण नेणार? प्लेट बसायला तीन दिवस म्हणतोय हा. पाचला बाजारपेठेत या. आणि उद्या सकाळी जरा लवकर."

उद्याही!

तर निकाल असा : तो फियाटमध्ये कोंबड्या ठेवणार होता. शेवटी कोंबड्यांत तोच बसला. सूड पूर्ण झाला. पाचला मी जाणार नाही. बसू दे वाट बघत.

दुपारी ४.५०

बाजारपेठेत उभी आहे. भावजी अजून आले नाहीत.

सुदामकडून मागची सीट परत बसवून घेतली. ठकीसाठी.

ठकी दुपारच्या एसटीनं गेली.